स्टेजवर सिंथ मुका झाला तेव्हा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की, कमी बजेटमधला एकच सिंथ स्टेजलाही आणि घरच्या रेकॉर्डिंगलाही चालतो का? चालतो. माझा चालतो. पण एकदा त्यानं माझी पार लाज काढली, ते आधी सांगतो.

माझ्याकडे यामाहाचा एमएक्स ४९ आहे, सेकंडहँड. ४९ पट्ट्या, वजन चार किलोच्या आत, त्यामुळे पाठीवर टाकून बाइकवरून नेता येतो. आतले आवाज त्यांच्या महागड्या मोटिफ एक्सएस सिरीजमधले. आणि एका यूएसबी केबलमधून मिडी आणि ऑडिओ दोन्ही लॅपटॉपवर जातात, म्हणजे वेगळा ऑडिओ इंटरफेस घ्यायची गरज नाही. माझ्यासारख्या ईएमआयवाल्या माणसाला अजून काय पाहिजे!

तर सोसायटीचा गणपती. शेजारच्या काकू गाणार होत्या. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच माइकसमोर. पट्टी काळी दोन. मी ट्रान्सपोज लावलं, पहिली कॉर्ड दाबली... आणि काहीच नाही! दिवे चालू, व्हॉल्यूम फुल. साउंडवाल्या दादानं केबल बदलली, तरी शांतता. काकू माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "अरे, वाजव ना."

झालं काय होतं? आदल्या रात्री मी रेकॉर्डिंग करत होतो. तेव्हा पट्टी दाबली की सिंथ स्वतः वाजतो, शिवाय तोच सूर मिडीवाटे लॅपटॉपला जाऊन परत येतो आणि पुन्हा वाजतो. एक सूर दोनदा, आवाज पोकळ. म्हणून 'लोकल कंट्रोल' ऑफ करतात, म्हणजे पट्ट्यांचा आतल्या आवाजाशी थेट संबंध तुटतो. सूर लॅपटॉपवरून फिरून येतो तेवढाच वाजतो. मी शहाण्यानं ते सेटिंग स्टोअरही करून टाकलं होतं. स्टेजवर लॅपटॉप नाही, मग सूर परत येणार कुठून?

काकू थांबल्या नाहीत. तबलेवाल्याला खूण केली आणि नुसत्या ठेक्यावर सुरू झाल्या. मी खाली मान घालून युटिलिटी मेन्यू चाळत होतो. दुसऱ्या अंतऱ्याला मला ते सेटिंग सापडलं.

आता मी सिंथला हात लावत नाही, लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचं मिडी थ्रू बंद करतो. काम तेच होतं. आधी मिडी रेकॉर्ड करायचं, चुकलेले सूर माउसनं सरकवायचे, मग ऑडिओ. लॅपटॉप जोडल्यावर स्पीकरमधून गुंईं आवाज आला तर चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तोच चोर असतो. आणि स्टेजवर एकच केबल मिळाली तर ती एल/मोनोलाच लावा, नाहीतर अर्धाच आवाज जाईल.

काकूंनी यंदा परत बोलावलंय. म्हणाल्या, "आधी घरी वाजवून दाखव."