शेऱ्याआड दडलेले मूल

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून इमारती, वर्गखोल्या आणि शिष्यवृत्त्या यांचा आढावा घेतला जाणे स्वाभाविक आहे. मला मात्र आपले लक्ष अशा एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे, की जिला देणगी लागत नाही आणि जिची नोंद ताळेबंदात होत नाही. ज्या मुलांना शिकण्यासाठी इतरांहून अधिक साहाय्य लागते, त्यांच्याविषयी आपण कोणत्या शब्दांत बोलतो, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या मराठीत अशा मुलांसाठी शब्दांची वाण नाही. ढ, मठ्ठ, मद्दड, दगड, नंदीबैल अशी यादी आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. यांतील 'ढ' या शब्दाविषयी असे सांगतात की, ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंतच्या प्रवासात बहुतेक अक्षरांची वळणे पार बदलली, पण 'ढ' जवळजवळ होता तसाच राहिला; म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो 'ढ'. कल्पना चतुर खरी. पण तिच्या पोटात एक भयंकर गृहीत दडलेले आहे. हे मूल बदलणार नाही, असा तो निकाल आहे. आणि मूल बदलणार नाही असे ज्या क्षणी शिक्षकाच्या मनाने घेतले, त्या क्षणापासून शिक्षक आपली शिकविण्याची पद्धत बदलण्याचे थांबवितो. शब्दाचे खरे नुकसान येथे होते. मुलाचे मन दुखावते हे तर आहेच, पण त्याला मिळू शकणारी मदतही तेथेच थांबते.

हे केवळ अडाणीपणामुळे घडते, असे मात्र कोणी समजू नये. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य चाचणी तयार केली. वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही कायमची ठरून गेलेली वस्तू आहे, हे मत बिने यांना मुळीच मान्य नव्हते. परंतु तीच चाचणी अमेरिकेत पोहोचली आणि हेन्री गॉडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१० साली 'मोरॉन' हा शब्द घडविला. 'इडियट', 'इम्बेसाइल' आणि 'मोरॉन' ही त्या काळी वैद्यकाच्या पुस्तकांतील रीतसर वर्गवारी होती. आज हे तिन्ही शब्द निव्वळ शिव्या म्हणून उरले आहेत. मदतीसाठी बनविलेली मोजपट्टी पाहता पाहता शिक्का मारण्याचे साधन झाली.

आपला 'मतिमंद' हा शब्दही शिवी म्हणून जन्माला आला नव्हता. 'वेडा', 'खुळा' यांच्याऐवजी सभ्य आणि शास्त्रीय शब्द म्हणून तो शाळांच्या पाट्यांवर आणि शासकीय कागदपत्रांत आला. आज मैदानावर झेल सोडणाऱ्या खेळाडूला त्याचे सोबती हाच शब्द फेकून मारतात. इंग्लंडमध्ये 'स्पास्टिक' या शब्दाची अशीच गत झाली, म्हणून तेथील 'स्पास्टिक्स सोसायटी' या नामांकित संस्थेने १९९४ साली आपले नाव बदलून 'स्कोप' असे ठेवले. त्यानंतर शाळेच्या मैदानांवर मुले एकमेकांना 'स्कोपर' म्हणून चिडवू लागली. कपडे बदलले, पण हिणविण्याची वृत्ती बदलली नाही. आणि ती वृत्ती नव्या कपड्यांनाही डाग पाडते.

मग कोणी विचारील, शब्द बदलण्याचा खटाटोप हवाच कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात सापडते. एखादा मुलगा गोष्ट तोंडी उत्तम सांगतो, हिशेब मनातल्या मनात करतो, पण 'घर' वाचताना 'धर' वाचतो, 'भ' आणि 'म' यांत घोटाळा करतो, फळ्यावरची ओळ वहीत उतरेपर्यंत तास संपतो. अशा मुलाला पिढ्यान्पिढ्या एकच नाव होते : आळशी. त्यावर उपायही एकच होता : छडी. पुढे 'अध्ययन अक्षमता' हा शब्द आला आणि हा आळस नसून वाचन-लेखनाच्या प्रक्रियेतील अडचण आहे, हे कळू लागले. १९९६ पासून महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २००७ साली आलेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते व त्यांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत व त्यांत तिला स्थान मिळाले आहे. या कायद्याच्या १७ व्या कलमात परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांसारख्या बदलांचा स्पष्ट उल्लेख आहे. सारांश, योग्य शब्द हा दरवाजा असतो. तो नसेल तर मूल बाहेरच उभे राहते.

परंतु या दरवाजाशी येऊन अनेक पालक परत फिरतात, हेही आपण जाणतो. तपासणी करून घ्या असे शिक्षक सुचवितात आणि आई-वडील म्हणतात, "आमच्या मुलाच्या कपाळी तो शब्द नको." दाखल्यावरच्या शब्दाची त्यांना भीती वाटते, मुलीचे लग्न, भावंडांचे नाव, नातेवाईकांची कुजबुज हे सारे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या भीतीपायी दोन-चार मोलाची वर्षे निघून जातात. त्या पालकांना दोष देणे सोपे आहे. मात्र तो शब्द इतका भयंकर कोणी केला, याचा विचार करू लागलो तर बोट आपल्या सर्वांकडे वळते.

काही जण यावर गोड शब्दांचा उपाय सुचवितात. 'देवाचे मूल', 'विशेष बालक' असे आपण म्हणू लागतो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि पुढे तो शासनव्यवहारात रूढ झाला. पुष्कळांना त्या शब्दाने सन्मान वाटला. त्याच वेळी अपंगांच्या काही संघटनांनी त्यास हरकतही घेतली. आम्हांला दिव्यत्व नको, उतरंडीचा रस्ता, सांकेतिक भाषा आणि समान संधी हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दोन्ही बाजू आदराने ऐकाव्यात. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण' ऐवजी 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आला, तेव्हाही हेतू चांगलाच होता. पण त्या शेऱ्यामागे खरोखरीचे कौशल्य-प्रशिक्षण उभे नसेल, तर तो नुसता मुलामा ठरतो. कठोर शब्द मुलाला दुखवितो, तर पोकळ गोड शब्द त्याची गरज झाकून टाकतो.

मग कसोटी कोणती? मला १९७८ सालचा इंग्लंडमधील वॉर्नॉक समितीचा अहवाल येथे महत्त्वाचा वाटतो. तोवर तेथे मुलांची विभागणी अपंगत्वाच्या ठराविक प्रकारांत होत असे. त्यांपैकी एकाचे नावच 'शैक्षणिकदृष्ट्या सामान्याहून कमी' अशा अर्थाचे होते. समितीने ही वर्गवारी मोडीत काढण्याची शिफारस केली आणि मूल काय आहे याऐवजी मुलाला काय हवे आहे, हा प्रश्न पुढे आणला. शालेय जीवनात केव्हा ना केव्हा सुमारे पाचांतील एका मुलास अशी मदत लागेल, असा अंदाजही तिने मांडला. म्हणजे हा प्रश्न कोपऱ्यातल्या एका बाकाचा नसून प्रत्येक वर्गाचा आहे. आपल्याकडे सर्व शिक्षा अभियानातून रूढ झालेला 'विशेष गरजा असणारी बालके' हा शब्दप्रयोग याच विचाराचा वारस आहे. दुर्दैवाने त्याचीही इंग्रजी आद्याक्षरे झाली, आणि "सीडब्ल्यूएसएनची मुले कोण, हात वर करा" असे भर वर्गात विचारले जाऊ लागले, तर त्या शब्दाचीही गत आधीच्या शब्दांसारखीच होणार.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. एखादा शब्द वापरल्यावर, उद्या सकाळी वर्गात काय करावे हे शिक्षकाला कळते काय? 'ढ' म्हटल्याने काही कळत नाही. 'अप्रगत' म्हटल्यानेही कळत नाही. 'याला फळ्यावरचे उतरवून घेण्यास दुप्पट वेळ लागतो, पण ऐकून चांगले समजते' असे म्हटले, की लगेच मार्ग दिसतो. प्रगतिपुस्तकातील शेरा असा असावा. दुसरे असे, की हे वाक्य मुलासमोर किंवा त्याच्या आईसमोर उच्चारण्याचा संकोच वाटता कामा नये. शिक्षकखोलीतली भाषा आणि पालकसभेतली भाषा वेगवेगळी असेल, तर शिक्षकखोलीतली भाषा चुकीची आहे असे खुशाल समजावे. आणि तिसरे, ते मूल मोठे झाल्यावर स्वतःला काय म्हणवून घेते, ते ऐकावे. कित्येक कर्णबधिर व्यक्ती आपल्याला त्याच नावाने ओळखले जावे असे अभिमानाने सांगतात. स्वमग्न प्रौढांपैकीही अनेकांचे म्हणणे तसेच असते. त्यांचे नाव ठरविण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.

भाषेचा हा प्रश्न आता केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या ९२ व्या कलमानुसार अपंग व्यक्तीचा चारचौघांत, हिणविण्याच्या हेतूने अपमान करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चित्रपटांतील अपंगांच्या चित्रणासंबंधी निकाल देताना हिणविणाऱ्या शब्दांपासून दूर राहण्याचे मार्गदर्शन केले. तथापि ज्या समाजात भाषासमितीचा संस्कार आहे, जेथे बोलण्यातही हिंसा घडू शकते असे बालपणापासून शिकविले जाते, तेथे दंडाच्या भीतीने वाणी सुधारावी लागू नये.

येथे एक अवघड गोष्ट बोलणे मला भाग आहे. अशा मुलाच्या आईला आपल्याच घरांतून "पूर्वकर्माचे फळ, दुसरे काय!" असे ऐकविले जाते. कर्माचा विचार मनुष्याने स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी करावयाचा असतो. शेजारणीच्या लेकरावर निकाल देण्यासाठी नव्हे. आणि शास्त्राचाच आधार हवा असेल, तर ज्ञानावरणीय या शब्दातील 'आवरण' पाहावे. ज्ञान नाही असे तेथे म्हटलेले नाही. ते झाकलेले आहे, असे म्हटले आहे. माषतुष मुनींची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कितीही घोकले तरी त्यांच्या ध्यानात पाठ राहत नसे. गुरूंनी त्यांना संघाबाहेर घालविले नाही. रागावू नको, हर्षू नको एवढ्याच अर्थाचे 'मा रुष, मा तुष' हे चार शब्द दिले. तेही विसरून ते 'माषतुष' म्हणू लागले. लोक हसले, आणि तेच त्यांचे नाव पडले. त्यांनाच पुढे केवलज्ञान झाले. आपण ही कथा भक्तीने ऐकतो. एक शिक्षक म्हणून मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. गुरूंनी शिष्य बदलला नाही, पाठ बदलला. कायद्याच्या १७ व्या कलमात आज जे लिहिले आहे, ते याहून फार वेगळे नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने तीन छोटी कामे हाती घ्यावीत, अशी माझी नम्र विनंती आहे. शाळेचे व वसतिगृहाचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि प्रगतिपुस्तके एकदा बारकाईने वाचून त्यांतील शिक्का मारणारे शब्द काढावेत आणि त्या जागी 'विद्यार्थ्यास कोणत्या प्रकारची मदत उपयोगी पडते?' असा एक रकाना ठेवावा. तपासणी व दाखला यांसाठी जाणाऱ्या पालकांसोबत जाण्यास तयार असे दोन-तीन अनुभवी पालक निवडावेत. ज्या वाटेने कोणी आधी जाऊन आलेले असते, तिची भीती कमी होते. आणि त्या रकान्यात जी मदत लिहिली जाईल, ती द्यावयास वर्षातून निदान एकदा शिक्षकांचे प्रशिक्षण व्हावे. नाहीतर तो रकानाही एक नवा शिक्का होऊन बसेल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा सुरू केली, त्यांनी दाराशी आलेल्या मुलास आधी आत घेतले. हजेरीपटात त्याच्या नावापुढे आता आपण काय लिहितो, त्यावरून ते मूल आत टिकणार की नाही, हे ठरणार आहे.