चिकोडीचा रसायनज्ञ, डेट्रॉइटचा लोकप्रतिनिधि

धंद्यांत मुरलेला माणूस राजकारणांत उतरला कीं लोक त्याच्याकडे थोड्या संशयानें पाहूं लागतात. वास्तविक हा प्रकार आपल्या शहरास नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं कंत्राटदारी केली आणि 1876 ते 1882 पर्यंत ते पुणें नगरपालिकेचे सभासदहि होते. तथापि संशय राहतोच. तो कितपत रास्त आहे, हें पाहण्यास श्री ठाणेदार यांचें चरित्र उपयोगी पडेल.

त्यांचा जन्म 1955 सालीं बेळगांव जिल्ह्यांतील चिकोडीचा. घरीं माणसें पुष्कळ, मिळकत बेताची. वडील सेवानिवृत्त झाले तेव्हां हे अवघे चौदा वर्षांचे. मिळेल तें काम करीत त्यांनीं शिक्षण चालू ठेविलें. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रांतील उच्च पदवी घेऊन 1979 सालीं ते अमेरिकेस गेले व 1982 सालीं अ‍ॅक्रन विद्यापीठाचे डॉक्टर झाले.

कांहीं वर्षें नोकरी केल्यावर 1991 सालीं त्यांनीं सेंट लुई येथील 'केमिर' ही लहानशी प्रयोगशाळा 75,000 डॉलरांस विकत घेतली. एखाद्या पदार्थांत कोणते घटक आहेत, एखादी वस्तु कां बिघडली, हें पृथक्करण करून सांगणें हा तिचा व्यवसाय. धंदा फोफावला. मग कर्ज काढून आणखी कंपन्या घेतल्या, आणि तेथेंच घात झाला. मंदी आली, हप्ते थकले आणि 2010 सालीं बँकेनें सर्व ताब्यांत घेतलें. पंचावन्नाव्या वर्षीं या गृहस्थांनीं पुन्हा श्रीगणेशा केला! मिशिगन राज्यांत 'अव्होमीन' ही नवी प्रयोगशाळा उभारली व 2016 सालीं तिचा मोठा हिस्सा विकून ते मोकळे झाले.

2018 सालीं मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठीं त्यांनीं पदरचे लक्षावधि डॉलर ओतले. पण पक्षांतर्गत निवडणुकींत ते तिसरे आले. पैशानें नांव घरोघर पोंचतें. विश्वास पोंचतोच असें नाहीं. तरीहि 2020 सालीं ते राज्याच्या विधिमंडळांत निवडून आले आणि जानेवारी 2023 मध्यें डेट्रॉइटतर्फे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत बसले. 1956 सालीं दलीपसिंग सौंद यांनीं भारतीयांसाठीं ज्या गृहाचें दार उघडलें, तेंच हें गृह.

परंतु नाण्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. डेट्रॉइट ही बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नगरी. 1955 पासून तिच्या वतीनें कोणी ना कोणी कृष्णवर्णीय प्रतिनिधि तेथें असे. तो वारसा खंडित झाला. 2022 च्या पक्षांतर्गत निवडणुकींत नऊ उमेदवारांत मतें विभागलीं आणि सुमारें 28 टक्के मतांवर ठाणेदार विजयी झाले. धनाच्या बळावर आपला आवाज हिरावला गेला, असें तेथील अनेकांस वाटलें. या दुःखास श्रीमंतीचा मत्सर म्हणून झटकून टाकणें न्यायाचें होणार नाहीं.

मग निवाडा कोणी करावा? ठाणेदारांनीं आपल्या मराठी आत्मचरित्रास 'ही श्रीची इच्छा' असें नांव दिलें आहे. लोकशाहींत मात्र इच्छा चालते ती मतदारांची. प्रतिनिधिगृहाची मुदत अवघी दोन वर्षांची. 2024 सालीं मतदारांनीं त्यांस पुन्हा निवडलें. पण दर दोन वर्षांनीं हिशेबाची वही मालकापुढें उघडून ठेवावीच लागते. व्यापाऱ्यास हा शिरस्ता ठाऊक असतो. राजकारणांतहि त्यानें तो पाळला, तर संशयास जागा उरत नाहीं.