घराची गोष्ट घरात
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



७ मे २०२५ रोजी जबलपुरात ब्लॅकआउटचा सराव झाला. घरातले दिवे मालवताना मला आईने सांगितलेले १९७१ चे दिवस आठवले. वडील खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, रेडिओचा आवाज बेताचा, स्वयंपाक दिवेलागणीपूर्वीच उरकलेला. ‘आज कारखान्यात काय झाले?’ हे आईने त्यांना कधीच विचारले नाही. गन कॅरेज फॅक्टरी तर १९०४ ची. या शहरातील कित्येक मराठी घरांनी हे मौन पिढ्यान्‌पिढ्या पाळले. त्याला कोणी खासगीपणा म्हणत नसे. घराची गोष्ट घरात, एवढेच.

या वेळी दिवे मालवले, पण मोबाइल उजळले. गच्चीवरून काळोख्या वस्तीची चित्रफीत काढून ठिकाणाच्या नावासह पाठवणाऱ्यांत आपलेही विद्यार्थी होते. मी रागावले नाही. मौन त्यांना आम्ही शिकवलेच कुठे होते?

युद्धकाळात घर जे देऊन टाकते, ते सगळेच परत मिळते असे नाही. १९७१ च्या युद्धात पुकारलेली आणीबाणी युद्धानंतरही उठली नाही. तिच्यावर १९७५ मध्ये दुसरी चढली. मग आपल्याच शहराचे नाव धारण करणारा खटला उभा राहिला : अपर जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागण्याचा मार्गच बंद केला. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले; बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, तेव्हा त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी जबलपूरचा तो निवाडा सदोष ठरवला. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली. वर्गात हे सांगितले की मुले हमखास विचारतात, “बाई, आपलेच जबलपूर?”

आता आपल्या स्मरणिकेविषयी. माजी विद्यार्थ्यांची यादी छपाईसाठी तयार होती : पत्ते, मोबाइल क्रमांक, जन्मतारखा, नोकरीची ठिकाणे. संरक्षण कारखान्यांत असलेले त्यांत पुष्कळ. ती मी वगळली. काही ज्येष्ठांना हे रुचलेले नाही. जुने सोबती शोधायचे कसे, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. ज्यांना कोणाचा पत्ता हवा असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात चिठ्ठी द्यावी. आम्ही त्या व्यक्तीला विचारू, आणि होकार आला तरच कळवू.