तान्ह्याचे दूध आणि घरातले तेल-तूप

(डोलवी येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर दुधा-तुपाचा विषय कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. पण मूल बालवर्गात पाऊल टाकते तेव्हा त्याच्या मेंदूची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळजवळ चार-पंचमांश होतो, आणि पाण्याचा अंश वगळला तर मेंदूचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो. आईच्या दुधातले सुमारे निम्मे उष्मांकही स्निग्धांशातूनच येतात.

आपल्या घरांत मात्र उलटी रीत दिसते. ईदच्या शीरखुर्म्यासाठी म्हशीचे जाड दूध आपण वडखळ-पेणपर्यंत जाऊन शोधून आणतो, आणि त्याच घरातल्या दीड वर्षाच्या मुलाच्या दुधात 'पचायला जड' म्हणून निम्मे पाणी घालतो. साय काढायची, तिचे तूप पाहुण्यांच्या बिर्याणीत घालायचे आणि खाली उरलेले पातळ दूध मुलाला द्यायचे. ज्याला स्निग्धांशाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाटीतून तो काढून घेतला जातो.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. उन्हाळ्यातसुद्धा वरचे पाणी नको. प्रसूतीनंतरचा पिवळसर चीक 'खराब' म्हणून पिळून टाकणाऱ्या आजीबाई अजून भेटतात; बाळाला रोगापासून वाचवणारे पहिले औषध तेच आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करावे, पण अंगावरचे दूध चालू ठेवावे. कुरआन शरीफमध्ये पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षे व त्यापुढे पाजण्यास सांगते. या बाबतीत घरात वाद व्हायचे कारण नाही.

आता आखाताहून येणाऱ्या पेटीविषयी बोलतो. घरचा कर्ता माणूस दुबईहून किंवा कुवेतहून येतो तेव्हा दूध पावडरचा मोठा डबा हमखास आणतो. त्यामागची माया मला कळते. पण ती साधी पावडर म्हणजे सुकवलेले गायीचे दूध होय. ते तान्ह्या बाळाचे खाद्य नव्हे. गायीच्या दुधात लोह फार थोडे असते, आणि त्यातील प्रथिने व क्षार लहानग्या मूत्रपिंडांवर भार टाकतात. म्हणून तो डबा मोठ्यांच्या चहासाठी ठेवावा. डॉक्टरांनीच बाळासाठीची खास पावडर लिहून दिली असेल, तर डब्यावर सांगितले आहे तितकेच चमचे आणि तितकेच उकळलेले पाणी घ्यावे. डबा महिनाभर पुरावा म्हणून चमचा कमी केला, तर बाळाचे पोट भरलेले दिसते आणि अंग मात्र उपाशी राहते. पाजायला बाटली नको, वाटी-चमचा घ्यावा. तो उकळून स्वच्छ करता येतो. अशा पावडरींची व बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २००३ साली तो कायदा अधिक कडक झाला. तेव्हा कोणी फुकट नमुना हातात ठेवू लागला तर तो घेऊ नये.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचे दूध पुरत नसेल तर काय? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. तेथे अनेक मातांचे दूध एकत्र येत असल्यामुळे दूधनात्याचा प्रश्न आपल्या लोकांना पडतो. त्यावर विद्वानांचे एकमत नाही. काहींनी परवानगी दिली, तर १९८५ साली जिद्दा येथील इस्लामी फिक्ह अकादमीने अशा पेढ्यांच्या विरोधात ठराव केला. आपल्या विश्वासातले आलिम आणि डॉक्टर यांना हे आधीच विचारून ठेवावे. ऐन वेळी रुग्णालयाच्या दाराशी खल करण्यात बाळाचे तास जातात.

वर्ष पूर्ण झाल्यावर वरचे दूध उकळून, पाणी न घालता द्यावे. पिशवीचा रंग पाहू नका, आकडा वाचा : फुल क्रीममध्ये स्निग्धांश ६ टक्के, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये केवळ दीड टक्का असतो. टोन्ड दूध ही मुंबईच्या दारा खुरोडी यांची कल्पना. म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ते अधिक घरांना स्वस्तात पुरवावे, हा हेतू चांगलाच होता. खुरोडींना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल सहभागी होते. टोन्ड दूध वाईट नव्हे. पण त्यात घरी पुन्हा पाणी पडले की उरते काय? डबल टोन्ड तर दोन वर्षांखालील मुलाला देऊच नये. मात्र दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूधही नको. नुसत्या दुधावर राहिलेले मूल जेवत नाही आणि त्याचे रक्त कमी होते.

तांदळाची पेज किंवा नाचणीची खीर बहुतांशी पाणीच असते, आणि मुलाचे पोट मुठीएवढे. त्यात एक चमचा तूप किंवा शेंगदाण्याचे तेल घातले तर सुमारे ४५ उष्मांक वाढतात. वाटी मात्र मोठी होत नाही. नारळाचे दूध आपल्या कालवणात असतेच, ते चालेल; पण रोज तेवढाच एक स्निग्ध पदार्थ नको. धरमतर खाडीच्या काठी राहणाऱ्यांना मासळीचे महत्त्व मी काय सांगावे! तारली आणि बांगडा या स्वस्त मासळीत मेंदूला लागणारा स्निग्धांश पापलेटपेक्षा अधिक असतो. काटे नीट काढून, तिखट न घालता, सहा महिन्यांनंतर थोडे थोडे भरवावे.

आणि चहात बुडवलेली खारी? खारी बहुधा वनस्पती तुपात किंवा मार्गारीनमध्ये होते. अशा तुपातील घातक ट्रान्स स्निग्धांशावर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरे. पण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. सकाळी मूल रडले की त्याच्या हातात खारीऐवजी तूप लावलेला तांदळाच्या भाकरीचा मऊ तुकडा द्यावा.