नवागतास पुराणकथा कोठून सांगावी?



आषाढात वडगावी मंगाईची यात्रा भरते. त्या गर्दीत घरी नुकतीच आलेली सून किंवा परगावी वाढलेला नातू विचारतो, "ही देवी कोण? पुराणात हिचे नाव कोठे आहे?" वडीलधारे क्षणभर घुटमळतात आणि "आधी नमस्कार कर" म्हणून वेळ मारून नेतात. नमस्कार होतो, प्रश्न मात्र तसाच राहतो. असे दोनचार प्रश्न वाया गेले की विचारणारा विचारणेच सोडतो. पुढे महाजनांच्या कातालोगात त्याचे नाव राहते, देवळाच्या पायरीवर पाऊल पडत नाही.

पूर्वी हे काम श्रीधरस्वामींनी केले. 'हरिविजय' 1702 चा, 'रामविजय' 1703 चा, 'पांडवप्रताप' 1712 चा. चातुर्मासात एकाने वाचावे, दहांनी ऐकावे, आणि अडले तेथे वाचणाऱ्याने थांबून घरच्या बोलीत उलगडून सांगावे. खरी ओळख त्या थांबण्यातच होत असे. ज्याचे शिक्षण कानडीत वा इंग्रजीत झाले, त्याच्या हाती आज नुसती पोथी दिली तर दुसऱ्या ओवीवरच तो अडतो; दोष त्याचा नव्हे.

मग द्यावे काय? पं. महादेवशास्त्री जोशी हे सत्तरीतील आंबेड्याचे, म्हणजे आपल्याच मातीतले. त्यांचा दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' थोर खरा. पण काय शोधावे हे ज्याला ठाऊक, त्यालाच तो पावतो. मुलांसाठीचा त्यांचा कोश आधी द्यावा हे बरे. इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' काही घरांत पहिलेच पुस्तक म्हणून दिले जाते. कुंती कोण हे कळण्यापूर्वीच कुंतीची चिकित्सा! ते पुस्तक दुसऱ्या फेरीचे. कारकळच्या अनंत पैंनी 1967 मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' मुलांना लगेच आवडतात, आणि त्यात वावगे काही नाही. एवढेच की चित्र पाहिले की कथा तेवढीच, असे मनात ठसते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मणरेषा नाही, शबरीची उष्टी बोरेही नाहीत. त्या कथा मागाहूनच्या आहेत. त्या सांगाव्यात, पण मागाहूनच्या म्हणून सांगाव्यात.

या सीमाभागात आणखी एक गोष्ट विसरली जाते. कानडी माहेराहून आलेली सून कोरी पाटी नसते. गदगच्या कुमारव्यासाचे भारत तिने कदाचित आजोळी ऐकलेले असते. तिला शिकवायला बसण्यापूर्वी तिच्याकडचा भीम कसा आहे, हे ऐकून घ्यावे.

कथा सोप्या गद्यात सांगण्याची खटपट नवी नाही. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सोळाव्या शतकातील गोव्याच्या रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवलेल्या सापडतात. आलेल्या पाद्रींना येथली भाषा शिकायची होती, म्हणून त्या उतरवल्या गेल्या. ज्यांच्या आगमनाने देव डोंगरापलीकडे न्यावे लागले, त्यांच्याच दप्तरी आपल्या कथांचे जुने गद्य जतन व्हावे, हा दैवाचा विनोद म्हणावा.

आरंभ मात्र कोणत्याही पुस्तकाने न करता समोरच्या मूर्तीने करावा. शांतादुर्गेचे उदाहरण घ्या. शिव आणि विष्णू यांच्या युद्धात देवी मध्ये उभी राहिली आणि दोघांना शांत केले, ही आख्यायिका पाच मिनिटांत सांगता येते. सोळाव्या शतकात ती केळशीहून कवळ्यास आली, हा इतिहास. दुर्गेचे वर्णन देवीमाहात्म्यात येते, ते पुराण. तिन्ही एकाच दमात सांगितले तरी चालेल, पण कोणते काय हे वेगळे ठेवावे. पोरे याच ठिकाणी नेमके पकडतात.

आणि मंगाईविषयी विचारले तर सरळ सांगावे की ही ग्रामदेवता. तिची कथा पोथीत शोधण्यापेक्षा गावातील म्हाताऱ्यांना विचारावी. विचारणाऱ्यालाच हाती वही देऊन त्यांच्याकडे पाठवावे.