कूलर, आरओ आणि एन्ट्रॉपीचा जमाखर्च



व्याख्यानमाला वासंतिक असली, तरी दिल्लीतला वसंत म्हणजे कूलरची घास बदलायचे दिवस. त्यामुळे उदाहरणासाठी मला लांब जायला नको. पण आधी एक तक्रार मांडतो.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या रसायनशास्त्रात एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचं माप, असं दिलेलं आहे. शिक्षक लगेच मुलांच्या खोलीकडे बोट दाखवतात: पाहा, आवरली नाही की पसारा वाढतो, हाच उष्मागतिकीचा दुसरा नियम! वर्गात हशा पिकतो, आईवडीलही खूश होतात. शिकवणं मात्र तिथेच फसतं. खुर्चीवर टाकलेला शर्ट शंभर वर्षं तसाच पडून राहील. तो आपल्या मनाने पलंगाखाली जाणार नाही. रेणू स्वस्थ बसत नाहीत, तापमान आहे तोवर ते धावत असतात, आणि एन्ट्रॉपीचा संबंध त्या धावपळीशी आहे. पसारा करणारे हात वेगळे असतात. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक लॅम्बर्ट यांनी 1999 साली ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये हाच मुद्दा लावून धरला होता. पत्त्यांचा कॅट आणि विस्कटलेली टेबलं वर्गातून हद्दपार करा, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे ती अजून मुक्कामाला आहेत.

मग मुलांना सांगायचं काय? दोनच गोष्टी. पहिली मोजणीची. दहा नाणी उडवली तर सगळी छाप पडण्याचा मार्ग एकच. पाच छाप आणि पाच काटा पडण्याचे मार्ग 252. निसर्गाला पाच-पाचाची आवड आहे असं नाही, तिकडे जाणाऱ्या वाटा जास्त आहेत इतकंच. वाटा मोजून एन्ट्रॉपी काढायचं बोल्ट्झमनचं सूत्र व्हिएन्नात त्याच्या समाधीवर कोरलेलं आहे. दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती त्याहून जुनी. क्लॉसियसने 1865 साली एन्ट्रॉपीला नाव दिलं, ते उष्णतेला तापमानाने भागून. यातलं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, ही सूचना मी दरवर्षी देतो आणि दरवर्षी कुणीतरी 25 ने भागतोच.

आता कूलर. पाणी उडून जाताना उष्णता खेचतं, म्हणून हवा गार होते, हे आठवीतलं पोरही सांगेल. त्याला पुढचा प्रश्न विचारा: उष्णता खर्च करावी लागत असताना पाणी मुळात उडतंच का? ऊर्जेच्या भाषेत तो घाट्याचा व्यवहार आहे. इथे मूल अडतं, आणि एन्ट्रॉपी शिकवायची खरी वेळ ती.

फळ्यावर मांडू. सोयीसाठी तापमान 25 अंश, म्हणजे 298 केल्विन धरू. 18 ग्रॅम पाणी, चहाचे साडेतीन चमचे म्हणा, वाफ व्हायला सुमारे 44 हजार जूल उष्णता घेतं. 44 हजार भागिले 298, म्हणजे 148. इतकी एन्ट्रॉपी भोवतालच्या हवेच्या खात्यातून गेली. आता पाण्याचं खातं पाहा. हवा बाष्पाने तुडुंब असेल तर वाफ झालेलं पाणी बरोबर 148 कमावतं. जमा तेवढा खर्च, व्यवहार ठप्प. पण हवेत आर्द्रता 20 टक्केच असेल, तर बाष्पाच्या प्रत्येक रेणूच्या वाट्याला पाचपट मोकळी जागा येते. जागा वाढली की वाटा वाढल्या. तेवढ्याने कमाई 161 वर जाते. निव्वळ नफा 13, आणि त्या नफ्यावर तुमचा कूलर चालतो. पंख्याची मोटर फक्त हवा हलवते.

हाच हिशेब 80 टक्के आर्द्रतेला करा. नफा दोनसुद्धा उरत नाही. लाजपतनगरपासून लक्ष्मीनगरपर्यंत प्रत्येक घरात ठाऊक असतं की जूनच्या लूमध्ये जो कूलर अंगावर शाल घ्यायला लावतो, तोच जुलैत नुसता चिकचिकाट करतो. कारण विचारलं तर ‘उमस है’ एवढंच उत्तर मिळतं. उत्तर बरोबरच आहे, फक्त त्यामागचं गणित मुलांच्या हाती द्यायला हवं. साध्या तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून ती पंख्यासमोर धरायची. हवा 42 अंशांची आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर ती उतरून 24 च्या आसपास थांबेल. पावसाळ्यात 34 अंशांची हवा आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर 30 च्या खाली यायला तयार होणार नाही. या आकड्याच्या खाली कुठलाच कूलर हवा नेऊ शकत नाही, मग घास साधी घाला की वाळ्याची. वाळ्याने वास तेवढा छान येतो.

हुशार मुलगी इथे हात वर करते: एन्ट्रॉपी नेहमी वाढते म्हणता, मग फ्रिजमध्ये बर्फ कसा होतो? बर्फाची एन्ट्रॉपी पाण्यापेक्षा कमीच असते. तिला फ्रिजच्या मागे हात लावायला सांगा. आतल्या खात्यात जी घट झाली, तिच्याहून मोठी जमा तिथे पडत असते. एसीचंही तेच. खोलीतून काढलेली उष्णता आणि वर विजेची, अशी दोन्ही मिळून गल्लीत फेकली जाते. नोएडातल्या एखाद्या सोसायटीत दुपारी एसींच्या रांगेखालून चालून गेलात तर वेगळं शिकवावं लागत नाही.

आणखी एक यंत्र एनसीआरच्या घराघरात आहे, ते म्हणजे आरओ. गुरुग्रामचं बोअरचं पाणी ज्यांनी प्यायलंय त्यांना ते का आहे हे सांगायला नको. मीठ पाण्यात फुकट विरघळतं. विरघळल्यावर त्याच्या कणांना वाटाच वाटा. मधे पडदा ठेवला तर शुद्ध पाणी आपण होऊन खाऱ्याकडे जाईल, उलट कधी नाही. ते उलट न्यायला पंप लागतो. लिटरला एक ग्रॅम क्षार असतील तर निदान पाऊण ते एक वातावरण दाब लागतो, आणि घरचा पंप त्याच्या कितीतरी पट लावतो. शिवाय मोरीत सोडलेल्या नळीतून आत आलं होतं त्याहून खारट पाणी बाहेर पडतं. खिशात मावणारं टीडीएस मीटर घेऊन मुलांना तीन ठिकाणचे आकडे घेऊ द्या: येणारं पाणी, पिण्याचं पाणी, फेकलं जाणारं पाणी. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा का, याचं उत्तर त्यांनीच शोधावं. पाण्यातले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं. आपल्या घरातलं यंत्र गरजेचं आहे की शोभेचं, हेही त्याच मीटरने कळेल.

सभागृहात शिक्षक मंडळी आहेत, पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलेलेही काही असतील. त्यांना विनंती एवढीच. येत्या मे आणि जुलैमध्ये मुलांकडून ओल्या फडक्याच्या तापमापीच्या नोंदी करून घ्या आणि फळ्यावरचा हिशेब त्यांनाच करू द्या. परीक्षेत व्याख्या मात्र पुस्तकातलीच लिहायला सांगा, गुण सध्या तिलाच मिळतात.