गाडी उलाळ होते, तसे विमान

श्रोतेहो, लोहाऱ्यात कोणाही शेतकऱ्याला विचारा की कापसाची गाडी कशी भरावी. तो सांगेल, बोजा आखावर हवा, अन् जरासा जुवाकडे. मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्यातला पट्टा आवळतो. पुढे जास्त भरली तर ती धुरजड होते आणि सारा भार बैलांच्या मानेवर येतो. लहानपणी चढावर आमची गाडी उलाळ झालेली मी पाहिली आहे. धुरकरी धुरेला लोंबकळला, आम्ही पोरे पोत्यांवरून पुढे धावलो, तेव्हा कुठे बैलांनी श्वास घेतला.

विमानाचे नेमके असेच आहे. फरक एवढाच की गाडीची शेपूट जमिनीला टेकते. विमानाला खाली टेकायला काही नसते.

ज्या बिंदूवर सारे वजन एकवटले आहे असे धरता येते, तो गुरुत्वमध्य. विमानात तो पंखांच्या उचलीच्या जरा पुढे ठेवतात, म्हणजे नाक किंचित जड. शेपटीचे आडवे पंख हवेच्या जोराने शेपूट खाली दाबून हा तोल राखतात. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले, तरी ते आपोआप खाली येते. पण नाक फारच जड झाले तर शेपटीला फार दाबावे लागते. तो दाब पंखांवर जादा ओझ्यासारखाच पडतो, इंधन अधिक जळते आणि उतरताना नाक उचलत नाही. उलट भार मागे गेला तर विमान हलके चालते, इंधनही वाचते. मात्र वर गेलेले नाक खाली यायला तयार होत नाही. मग पंखांची हवेवरची पकड सुटते. उलाळ गाडी बैलांनाही आधी हलकीच वाटते, नाही का?

आपल्या नागपुराकडे पाहा. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत परतत. आता ती सेवा राहिली नाही. त्या काळच्या डाकोटा विमानाचे भरलेले वजन 11,000 किलोंच्या वर जाई. हिशेब करून पाहा: 50 किलोंच्या दहा थैल्या 6 मीटर मागे रचल्या, तर गुरुत्वमध्य सुमारे 27 सेंटीमीटर मागे सरकतो. त्याला मोकळीक असते ती साधारण हात-दीड हाताची. म्हणून थैली किती वजनाची, एवढेच विचारून भागत नाही. ती कुठे ठेवली, हेही विचारावे लागते.

आता उंची. वर जावे तशी हवा विरळ होते. पंखांना धरायला हवा कमी आणि इंजिनालाही कमी. चढण्याचा वेग घटत घटत मिनिटाला जेमतेम 30 मीटरवर आला, की ती त्या विमानाची व्यवहारातली उंचीची मर्यादा. डाकोटाची सुमारे 7,000 मीटर होती. ओझे वाढले की ही मर्यादा खाली येते. त्यामुळेच लांबच्या पल्ल्याची जेट विमाने इंधन जळून हलकी होतील तशी पायरीपायरीने वर चढतात.

हवा विरळ करायला उंचीच लागते असे नाही. आपला वैशाख पुरेसा आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. दुपारी पारा 44 अंशांवर गेला की इथली हवा प्रमाण वातावरणातल्या 1,600 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढी! यवतमाळजवळ भारी येथे धावपट्टी आहे. तिथून अशा दुपारी उडणाऱ्या विमानाला जास्त धावावे लागेल, नाहीतर ओझे कमी घ्यावे लागेल. पहाटे पारा 28 अंशांवर उतरला, की तीच हवा शेकडा पाचाने दाट होते. नागपूरच्या टपाल विमानांना रात्रीच्या गारव्याचा हा फायदा फुकट मिळे.

शिक्षकबंधूंनी वर्गात कागदी विमान करावे आणि त्याच्या नाकाला कागदाची चाप लावून उडवावे. मग तीच चाप मधोमध, नंतर शेपटीला लावून पाहावी. शेपटीला लावलेले विमान नाक वर करते, क्षणभर हवेत अडखळते आणि मागच्या बाकावर पडते. कापूस वाहणाऱ्याचा एखादा मुलगा वर्गात असला, तर कारण त्यालाच विचारावे.